टर्नटेबलची लाल पिन तुटून अ‍ॅम्प्लिफायरमध्येच अडकली. केबल कापू का?

गणितवाली_रामबाग (बुधवार, दुपारी ३.१०)

नमस्कार. आधी हकिगत सांगते, मग प्रश्न.

घरी रंगकाम काढलंय. काल पेंटरने बैठकीतलं कपाट भिंतीपासून ओढलं. मागे काय काय जोडलेलं आहे ते त्याने पाहिलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी आत पोह्यांना वाफ आणत होते. बाहेरून 'टक्' असा आवाज आला आणि पाठोपाठ पेंटरचा, "आंटी, कुछ नहीं हुआ." काही झालं नसतं तर तो बोललाच नसता, हे ओळखून मी गॅस बंद केला.

टर्नटेबल जपानी आहे, बेल्टवर फिरणारं. १९८४ साली दिरांनी मस्कतहून आणलं. मागे सॉकेट नाही, केबल थेट पोटातून बाहेर येते. तिला दोन आरसीए पिना, लाल आणि पांढरी. सोबत एक बारीक काळी तार, तिच्या टोकाला इंग्रजी यू आकाराची पत्र्याची पट्टी. पिना ओतीव रबराच्या आहेत, उघडत नाहीत.

आत्ता परिस्थिती अशी. लाल पिनची मधली काडी मुळापासून तुटून अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटात (टर्नटेबल जोडायच्या जागेत) रुतली आहे, जेमतेम दीड मिलिमीटर बाहेर दिसते. उजवा स्पीकर गप्प. डावा वाजतो, पण मागे एकसारखं 'घूंऽऽ' चालू. हे घूं कालच्या आधी नव्हतं. फोनोचं सॉकेटच बिघडलं की काय म्हणून पांढरी पिन ऑक्समध्ये, म्हणजे इतर यंत्रं जोडायच्या साध्या सॉकेटात, लावून पाहिली, तर आवाज अगदी पुसट आणि चिरका. डग्गा तर ऐकूच येईना.

एका दुकानात फोटो दाखवला. तिथल्या मुलाने तो मोठा करून पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. "काकू, हे आता कोणी बनवत नाही, ब्लूटूथ घेऊन जा." घरात अमीर खाँसाहेबांच्या तबकड्या आहेत, इंदूरच्या जुन्या घरांत त्या असायच्याच. त्या ब्लूटूथवर कुठे ठेवायच्या ते त्याने सांगितलं नाही.

माझ्याजवळ मुलाने हॉस्टेलातून परत आणलेला मल्टिमीटर आणि २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आहे. सोल्डरिंग कधी केलेलं नाही. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे सांगितलेली कृती ओळीने करता येते, हात कापत नाही.

प्रश्न तीन. लाल पिन कापून नवी लावता येईल का? अडकलेली काडी कशी काढायची? आणि रंगकामानंतर कपाट समोरच्या भिंतीला न्यायचा विचार आहे, तर याच वेळी केबलला तीन मीटरचा जोड देऊन घेऊ का?

नवशिक्या_विजयनगर (बुधवार, दुपारी ३.४२)

आंटी, एवढं टेन्शन कशाला? दोन्हीकडे पिना असलेली केबल ऑनलाइन मिळते. जुनी काढा, नवी लावा. पाच मिनिटांचं काम.

गणितवाली_रामबाग (बुधवार, दुपारी ३.५५)

"मागे सॉकेट नाही, केबल थेट पोटातून बाहेर येते." तिसरा परिच्छेद, दुसरं वाक्य सोडून तिसरं. बाळा, गणित चुकतं ते याच कारणाने.

टेस्टर_आणि_रांगा (बुधवार, रात्री ९.२०)

ताई, कात्री खाली ठेवा. अजून काही कापायचं नाही.

मी १९७९ पासून रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर उघडत आलोय. आता दुकान बंद केलं, राजेंद्र नगरात घरीच एक टेबल आहे. तुमच्या लिहिण्यातच अर्धं निदान आहे. लाल काडी तुटली म्हणून उजवा गप्प, हे ठीक. पण डावा का घूं करतोय? त्याची पिन तर शाबूत आहे. म्हणजे हा दुसरा रोग, त्याच धक्क्यातला. ती बारीक काळी तार नीट बघा. पट्टीपाशी हलकेच ओढा. प्लास्टिक धड दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं, असं मी शेकड्याने पाहिलंय. ती अर्थची तार. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसते त्या डबीतून, निघणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट असतो. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर टर्नटेबलचं सगळं लोखंड आणि तो आर्म, म्हणजे सुईचा दांडा, एरियलसारखी गोळा करतात. ती घरघर अ‍ॅम्प्लिफायरच्या चॅसिसकडे उतरवून द्यायला ही तार असते. ती तुटली की घूं. लाल पिन कितीही सुंदर लावलीत तरी हे घूं जाणार नाही, आणि मग तुम्हाला वाटेल आपलंच सोल्डरिंग चुकलं.

ऑक्सचं आता. तिथे अ‍ॅम्प्लिफायर ३०० मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नलची अपेक्षा ठेवतो, तुम्ही ५ दिलेत. साठपट कमी, म्हणून पुसट. आणि चिरका का, तर तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम कमी करून आणि वरचे सूर वाढवून कापतात. खर्ज आहे तसा कापला तर खाच इतकी रुंद होईल की तबकडीवर दहा मिनिटंही मावायची नाहीत. १९५४ पासून याचं ठरलेलं माप आहे, आरआयएए म्हणतात. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ साधारण १० पट खाली, २०,००० हर्ट्झ साधारण १० पट वर. फोनो इनपुटच्या आत याच्या नेमकी उलट सर्किट असते, ती सगळं सपाट करते. ऑक्सला ती नसते. तुमचा डग्गा तिथेच गेला. फोनोचं सॉकेट बिघडलेलं नाही.

अडकलेली काडी. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण नाही. रात्रभर तसाच राहू द्या. मग बारीक टोकाच्या पकडीने सरळ मागे ओढा, डावीउजवीकडे हलवू नका, आतली स्प्रिंगची पट्टी वाकते. भुवयांचा चिमटा नको, घसरतो. काडीला फेविक्विकचा थेंब लावून तीलीने (आगकाडीने) ओढायचा सल्ला कोणी देईल. एकाने माझ्याकडे असा अ‍ॅम्प्लिफायर आणला होता, काडी, तीली आणि सॉकेट तिन्ही एकजीव झालेलं. शेवटी सॉकेटची अख्खी पट्टी बदलली. स्वस्त ओतीव पिनची काडी बहुतेक पोकळ असते. पकड लागत नसेल तर टोकदार बारीक स्क्रू तिच्या तोंडात दोन वेढे फिरवा आणि स्क्रूला धरून ओढा.

आता मोजमाप, कारण केबल नक्की कुठे तुटलीय ते अजून कोणालाच माहीत नाही. पिनमध्ये तुटली असेल, किंवा टर्नटेबलच्या पोटात शिरते तिथे. धक्का दोन्ही टोकांना बसतो. तुमच्या आर्मचं हेडशेल (कार्ट्रिज बसवलेलं पुढचं टोक) फिरकी सोडवून निघत असेल. सुईला झाकण घाला आणि हेडशेल काढून बाजूला ठेवा. कार्ट्रिज जोडलेलं असताना मी केबलला मीटर लावत नाही. आतलं वेटोळं केसाहून बारीक तारेचं असतं, त्यातून मीटरचा करंट कशाला न्यायचा! हेडशेल निघालं की आर्मच्या तोंडात चार टिकल्या दिसतील. त्यातल्या दोन डाव्याच्या, दोन उजव्याच्या. मीटर 'बीप'वर ठेवा, तार सलग असली की तो वाजतो. एक टोक लाल पिनच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं एकेका टिकलीला. एका टिकलीवर बीप यायला हवा. मग मधली काडी जिथून तुटलीय त्या खळग्यात शिवणाची सुई धरा आणि मीटरचं टोक सुईला. तिथे बीप येणार नाही असं धरून चला. पांढरीचं तसंच करा, म्हणजे चांगली बाजू कशी दिसते ते कळेल. काय येतं ते इथे लिहा, मग कापू.

ग्वाल्हेरचा_तानपुरा (बुधवार, रात्री १०.०५)

सोल्डरिंगच्या भानगडीत पडूच नका. सीसीटीव्हीवाले वापरतात त्या स्क्रूच्या आरसीए पिना मिळतात. तार सोला, भोकात घाला, स्क्रू आवळा, झालं. माझ्याकडे दोन वर्षं तशीच चालू आहे.

टेस्टर_आणि_रांगा (बुधवार, रात्री १०.३०)

तानपुरेवाले, कॅमेऱ्याचा सिग्नल एक व्होल्टचा असतो. इथे ५ मिलिव्होल्ट, म्हणजे २०० पट लहान. स्क्रूखाली तांबं जरा काळं पडलं की कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही, पण तबकडीला चरचर सुरू होते. शिवाय तो स्क्रू बारीक जाळीच्या तारा निम्म्या कापून टाकतो. रविवारच्या बैठकीपुरतं चालेल. खरं सांगा, दोन वर्षांत किती वेळा आवळलात?

ग्वाल्हेरचा_तानपुरा (बुधवार, रात्री १०.४१)

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. 😀 मला वाटायचं तबकडीच चरचरते.

गणितवाली_रामबाग (गुरुवार, सकाळी ११.१५)

दादा, मोजलं. वहीत कोष्टक केलं आहे, इथे थोडक्यात देते.

काळी तार: तुमचं म्हणणं तंतोतंत. पट्टीपासून अर्ध्या सेंटिमीटरवर आतलं तांबं तुटलेलं, नुसत्या प्लास्टिकवर लोंबत होती. हलकेच ओढली आणि पट्टी हातात आली.

पांढरी: कडं एका टिकलीला, काडी दुसरीला, दोन्ही बीप. आपसात बीप नाही.

लाल: कडं एका टिकलीला बीप. सुई धरली त्या खळग्यातून कुठेच बीप नाही.

अडकलेली काडी पकडीत येत नव्हती. पोकळ निघाली. नातवाच्या मोडक्या खेळण्यातल्या गाडीचा टोकदार स्क्रू दोन वेढे फिरवला आणि ओढला. बुचासारखी आली. गाडी आता चाकाविना आहे, नातवाला अजून सांगितलेलं नाही.

पुढची कृती द्या. आणि तीन मीटरच्या जोडाचं राहिलं.

टेस्टर_आणि_रांगा (गुरुवार, दुपारी १.५०)

आता कापा. लाल पिनचा रबर संपतो तिथून दीड सेंटिमीटर मागे. पांढरीला हात लावू नका, ती चांगली आहे. दोन्ही समान लांबीच्या दिसाव्यात असं तुमच्यातल्या गणिताला वाटेल, पण दोन इंचांनी आवाजात काही फरक पडत नाही.

कापल्यावर सोलून बघा. वरचं काळं आवरण, आत तांब्याच्या बारीक तारांची जाळी, तिच्या आत प्लास्टिकची नळी, तिच्यात मधली तार. मधल्या तारेपासून टिकलीपर्यंत परत बीप बघा. आला तर रोग पिनमध्येच होता. बीप चालू असताना केबल टर्नटेबलच्या मागे जिथे पोटात शिरते तिथे चारी बाजूंना वाकवून बघा. मध्येच तुटला तर खालचं झाकण उघडावं लागेल, तेव्हा थांबा आणि मला विचारा. आत केबल एका छोट्या पट्टीवर येते आणि तिथून आर्मच्या तारा निघतात. त्या इतक्या नाजूक की फुंकरीने हलतात.

सामानाला महाराणी रोडला जा. 'मेल आरसीए, धातूच्या टोपीची, सोल्डरवाली' असं मागा. दुकानात टोपी उघडून बघा. मधल्या पट्टीला तार ठेवायला खळगा हवा आणि कड्याच्या बाजूला केबल पकडायला दोन कान हवेत. कान नसलेली घेऊ नका, सगळा ताण सोल्डरवर येतो आणि पुढच्या रंगकामाला परत मोडते. सोनेरी की चंदेरी याने काही होत नाही, सोनेरी काळी पडायला वेळ लावते इतकंच. जोडीने मिळते, एक ठेवून द्या. सोबत काळ्या तारेसाठी यू पट्टी. रांगा ६०/४० चा, आत राळ असलेला, बारीक. आमच्याकडे सोल्डरला रांगाच म्हणतात, पुण्याची मंडळी हसली तरी हसोत. पत्र्याच्या डब्याला लावतात ते अ‍ॅसिडचं पाणी चुकूनही नको. आज डाग छान बसेल आणि सहा महिन्यांनी तार हिरवी होऊन गळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हसू नका. आधी टोपी केबलवर ओवा. मग तिच्यातली प्लास्टिकची नळी ओवा. मग सोल्डर. एका अनंत चतुर्दशीला मिलच्या झांकीचे (चित्ररथाचे) लाउडस्पीकर माझ्याकडे होते. गाडी निघायच्या आधी घाईघाईत पिन लावली, डाग आरशासारखा बसला, आणि टोपी टेबलावर. सगळं तोडून परत. वीस वर्षांचा अनुभव होता तेव्हा. आजही महिन्यातून एकदा होतं.

जाळीच्या तारा पिळून एक दोर करा. मधल्या तारेची नळी फक्त पाच मिलिमीटर सोला. दोन्हींना आधी कल्हई, म्हणजे आयर्नने तार तापवून तिच्यावर रांगा वितळू द्या. पिनच्या खळग्यालाही कल्हई. मग खळग्यात तार ठेवून आयर्न टेकवा, दोन रांगे एक झाले की उचला. तीन सेकंद, फार तर चार. आयर्नवर रांगा घेऊन तारेवर थापायचा नाही, तो वर नुसता बसतो, धरत नाही. मधली नळी प्लास्टिकची आहे, जास्त धरलंत की वितळून मधली तार जाळीला टेकेल. पिन हातात धरू नका, भाजेल. बिघडलेल्या डीव्हीडी प्लेअरचं सॉकेट असेल तर पिन त्यात खोचून काम करा. पिन हलत नाही आणि काडी तापून तिरकी होत नाही. शेवटी कान केबलच्या आवरणावर दाबा, जाळीवर नाही. हात धुऊनच चहा घ्या, रांग्यात शिसं असतं.

तीन मीटरचं उत्तर 'नाही'. कारण तुम्हाला आकड्यांत देतो. केबल म्हणजे लांबलचक कपॅसिटर, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. तुमची मीटरभर केबल आणि अ‍ॅम्प्लिफायरचे स्वतःचे १००, झाले २००. वर तीन मीटर जोडलंत की ५००. कार्ट्रिजच्या वेटोळ्याचं इंडक्टन्स अर्धा हेन्री धरा. या दोघांची मिळून एक अनुनादाची वारंवारता ठरते, तिचं सूत्र तुम्हाला माहीत असेल.

गणितवाली_रामबाग (गुरुवार, दुपारी २.२५)

एक भागिले दोन पाय गुणिले एलसीचं वर्गमूळ. बारावीच्या भौतिकशास्त्रातलं, पण वर्गमूळ आमच्याच खात्यातलं.

२०० ला गुणाकार येतो १० चा उणे दहावा घात, वर्गमूळ १० चा उणे पाचवा. किती सुबक आकडे निवडलेत! उत्तर १५,९१५ हर्ट्झ. ५०० ला १०,०६६. धारकता अडीचपट केली की वारंवारता अडीचच्या वर्गमूळाने, म्हणजे १.५८ पटीने, खाली येते. पण ही वारंवारता म्हणजे कानाला नेमकं काय?

टेस्टर_आणि_रांगा (गुरुवार, दुपारी २.४०)

त्या आकड्याच्या आसपास आवाज जरा फुगतो आणि त्याच्या वर गळून पडतो. १६ हजारांवर फुगला तर कोणाला पत्ता नाही. १० हजारांवर फुगला तर चाट टोचते, 'स' चे 'स्स्स' होतात, आणि तानपुऱ्याच्या जवारीची वरची चमक जाते. गिऱ्हाईक म्हणतं सुई झिजली, नवी सुई घेतं, आवाज तसाच.

कपाट हलवायचंच असेल तर टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांना एकत्र हलवा आणि स्पीकरच्या तारा लांब करा. त्यांना तीन-चार मीटरने काही होत नाही.

गणितवाली_रामबाग (गुरुवार, दुपारी २.४८)

समजलं. एकसष्टाव्या वर्षी मला १२ हजारांच्या वरचं ऐकू येतं का हा निराळा प्रश्न आहे, तो इथे विचारत नाही. जोड रद्द. महाराणी रोडला निघाले.

पाच_पिनी_बडोदा (गुरुवार, संध्याकाळी ६.३०)

मध्येच घुसतो, माफी. माझ्याकडे वडिलांचा जुना फिलिप्सचा प्लेअर आहे. त्याला आरसीए नाही, गोल पाच काड्यांची पिन आहे. ती कापून लाल-पांढरी लावली तर चालेल ना?

टेस्टर_आणि_रांगा (गुरुवार, संध्याकाळी ७.१५)

कापू नका, ती डिन पिन आहे, जपा. पाच काड्यांत आकडे कोरलेले असतात, भिंगातून दिसतील. ओळीने १, ४, २, ५, ३ असे. टर्नटेबलला ३ डावा, ५ उजवा, २ अर्थ. याच जोडणीचा अडॅप्टर बनवून घ्या.

पण त्याआधी कार्ट्रिज कोणतं ते बघा. त्या काळच्या बऱ्याच प्लेअरना सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्याचा सिग्नल शेकडो मिलिव्होल्टचा. तो फोनोला लावलात तर फाटक्या ढोलासारखा आवाज येईल. त्याला ऑक्स बरा, तरी खर्ज थोडा कमी लागेल, कारण सिरॅमिकला साधारण दहा लाख ओहमचं इनपुट लागतं आणि ऑक्सचं त्याहून बरंच कमी असतं. ताईंच्या कार्ट्रिजच्या बरोब्बर उलट प्रकरण. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

गणितवाली_रामबाग (शनिवार, रात्री ८.५०)

अहवाल.

महाराणी रोडला तिसऱ्या दुकानात कानवाली पिन मिळाली. पहिल्या दोघांनी "सब एक ही है" म्हणून बिनकानाची पुढे केली. टोपी उघडून बघते म्हटल्यावर दोघांच्याही कपाळाला आठ्या. तिसऱ्याने स्वतःच उघडून दाखवली आणि विचारलं, "रेकॉर्ड प्लेअर का है क्या?" मग पंधरा मिनिटं तिथेच गेली, त्याच्या आजोबांकडे होता म्हणे.

कापलं, सोललं. मधल्या तारेला बीप आला, मागे वाकवून पाहिलं तरी तुटला नाही. पण जाळीचं तांबं काळं पडलेलं होतं, रांगा त्यावरून पाऱ्यासारखा गोळ्या होऊन पळत होता. हे तुम्ही लिहिलं नव्हतं. आणखी दोन सेंटिमीटर कापून पाहिलं, तिथेही काळं. शेवटी ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडलं, लाली दिसायला लागल्यावर कल्हई धरली.

टोपी आधी ओवली. ही गोष्ट वहीच्या पानावर सगळ्यात वर लाल शाईने लिहिली होती.

पहिला प्रयत्न फसला. डाग दिसायला छान होता, चकचकीत. मग पांढरीसारखंच हिचंही तपासावं म्हणून काडी आणि कडं यांना मीटर लावला, तर बीप. दोघांत बीप यायला नको होता. आयर्न बहुधा आठ सेकंद धरलं असेल, कारण डाग सुबक दिसेना म्हणून मी तो परत परत गुळगुळीत करत बसले. आतली नळी बसली आणि जाळीची एक तार मधल्या तारेला टेकली. हे मीटरने पकडलं म्हणून बरं, नाहीतर सगळं जोडून, हेडशेल लावून, तबकडी ठेवून मग उजवा स्पीकर गप्प दिसला असता. मग मी काय काय उघडलं असतं ते सांगवत नाही.

तोडलं, पुन्हा सोललं. या वेळी नातवाला शेजारी बसवलं आणि मोठ्याने आकडे म्हणायला लावले. 'तीन'ला उचललं. डाग पहिल्याइतका देखणा नाही, जरा ढेकळासारखा आहे. पण काडी एका टिकलीला, कडं दुसरीला, आपसात काही नाही. काळ्या तारेला नवी पट्टी लावली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूखाली आवळली.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून जोडलं. मग आधी तबकडी न लावताच आवाज हळूहळू वर नेला. घूं नाही. काळी तार मुद्दाम सैल केली, घूं आलं. आवळली, गेलं. हे तीनदा केलं, तिसऱ्यांदा केवळ मौज म्हणून. नवी पिन काळ्या टोपीची आहे, पुढे गोंधळ नको म्हणून टोपीच्या कडेला सुनेचं लाल नेलपॉलिश लावलं. बॅलन्सचं बटण उजवीकडे पूर्ण फिरवून एक बाजू ऐकली, डावीकडे फिरवून दुसरी. दोन्ही वाजतात.

टेस्टर_आणि_रांगा (शनिवार, रात्री ९.१०)

काळ्या तांब्याचं लिहायचं राहिलं, चूक माझी. चाळीस वर्षांच्या केबलला ते असतंच. ढेकळाची काळजी नको. चकचकीत असून धरलं नाही त्यापेक्षा ढेकूळ असून धरलं ते बरं. फक्त एकदा हलकेच ओढून बघा.

आणि एक सवय लावून घ्या. आरसीए पिनमध्ये मुळातच एक खोट आहे, मधली काडी आधी टेकते आणि अर्थचं कडं नंतर. त्यामुळे आवाज चालू असताना खोचली किंवा काढली की स्पीकरमध्ये धडाम होतं. आज केलंत तसंच दर वेळी करा, व्हॉल्यूम शून्य, मग पिन. आणि काढताना केबलला धरून कधी ओढू नका, टोपीला धरा.

नवशिक्या_विजयनगर (शनिवार, रात्री ९.३२)

काकू, पूर्ण धागा वाचला. या वेळी सगळी वाक्यं. मला आता आयर्न घ्यावंसं वाटतंय, २५ वॉट पुरे का?

गणितवाली_रामबाग (शनिवार, रात्री ९.४५)

पुरे. मल्टिमीटर आधी घे.

दादा, ओढून पाहिलं, धरलं आहे. सोमवारी पेंटर दुसरा हात द्यायला येतोय, कपाट पुन्हा सरकवावं लागेल. पिना मी उद्या रात्रीच काढून ठेवणार आहे, टोपीला धरून. आणि नातवाला गाडीच्या चाकाचं कळलंय. त्याला तो स्क्रू परत हवा आहे, तुटक्या काडीसकट. शाळेत दाखवायचा म्हणतो.